अचलजींचा ओठ

संक्रांतीच्या मेळ्याला देवाची डोली उत्तरकाशीला न्यायची म्हणजे गावातली निम्मी माणसं देवासाठी निघतात आणि निम्मी खरेदीसाठी. गोदांबरी दोन्हींत नव्हती. मुलीच्या, संतोषीच्या लग्नासाठी हर्सिलचा राजमा घ्यायचाय, असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं. मेळ्यात पोचल्या पोचल्या तिने तो घेतलाही, दाणा नखाने दाबून बघत, दुकानदाराला पुरता जेरीस आणून. पण ती आली होती नवऱ्याला बघायला. भांडायला नाही, नुसतं बघायला, असं ती वाटेत स्वतःला इतक्यांदा बजावत होती की त्यावरून काय ते समजावं.

नवरा म्हणजे मायाराम नौटियाल. शाळेत कारकून होता. संतोषी तिसरीत असताना सुट्टीत योगाच्या शिबिराला म्हणून स्वामी निर्वेदानंदांच्या आश्रमात गेला, परत आला, राजीनामा दिला आणि पुन्हा गेला तो गेलाच. पळून गेला असंही कुणाला म्हणता येईना. शेत, गाय, घर, सगळं त्याने बायकोच्या नावावर केलं आणि निघताना तिच्यासमोर हात जोडले. मला मन एका जागी बसवायचंय, घरात राहून ते जमत नाही, एवढंच म्हणाला. दारू पिऊन गेला असता तर चारचौघांत शिव्या तरी घालता आल्या असत्या. हात जोडून गेलेल्या माणसाला काय म्हणायचं, हे गोदांबरीला अजून कळलेलं नव्हतं, आणि तिचा सगळा राग तिथेच अडकून पडला होता.

आश्रमात त्याचं नाव अचलचैतन्य झालं. लोक अचलजी म्हणत. वर्षातून एकदा तो निरोप पाठवायचा, ख्यालीखुशाली विचारायचा. या वर्षीचा निरोप मात्र निराळा होता. स्वामीजी आता फार थकले होते आणि ध्यानमंदिर कुणाच्या तरी हाती सोपवायचं म्हणत होते. नाव जाहीर व्हायचं संक्रांतीला, आणि ज्याचं नाव येईल त्याने वसंतपंचमीला संन्यास घ्यायचा. नाव अचलजींचंच येणार, यात आश्रमात कुणाला शंका नव्हती.

संतोषीचं लग्न फाल्गुनात होतं. संन्यास घेणारा माणूस आधी शेंडी उतरवतो आणि स्वतःचं श्राद्ध स्वतःच घालतो. त्यानंतर तो कुणाचा बाप नाही आणि कुणाचा नवरा नाही. मुलीचं कन्यादान मग थोरल्या दिरांनी करायचं, हे गावाने ठरवूनही टाकलं. गोदांबरीच्या नथीचं, म्हणजे सवाष्णपणाच्या खुणेचं, काय करायचं, यावर मात्र पाणवठ्यावर दोन तट पडले होते. एक म्हणे उतरवावी, दुसरा म्हणे माणूस जिवंत असताना कशी उतरवायची. गोदांबरी त्यांच्यादेखत कळशी भरून निघून येई. संतोषी एकदाच बोलली होती. म्हणाली, काकाच्या हातून मला नको. मग तिने तो विषय पुन्हा काढला नाही आणि गोदांबरीला ते जास्त लागलं.

म्हणून ती आली होती. ज्याच्यासाठी आपल्याला सोडलं ते आहे तरी काय, एवढं एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

*

ध्यानमंदिर भागीरथीच्या काठाला होतं, साधंच, लांबट, खाली घोंगड्या अंथरलेलं. मेळ्याच्या दिवसांत बाहेरच्या लोकांनाही आत बसू देत. कमलेश्वरी दीदी म्हणून एक दमेकरी ब्रह्मचारिणी नवख्यांना बसवत होत्या. कंबर सरळ ठेवा, श्वास नाकपुडीशी कुठे लागतो तिथे लक्ष ठेवा, मन पळालं की परत आणा, पळालं म्हणून चिडू नका. एवढं सांगून त्या खोकल्या आणि म्हणाल्या की माझं स्वतःचं तर दिवसभर हेच चालतं, गुरामागे धावल्यासारखं. लोक हसले. त्यांचं कुणाला फारसं कौतुक दिसलं नाही. सगळ्यांच्या नजरा समोर, खिडकीजवळच्या आसनाकडे होत्या.

तिथे मायाराम बसला होता. डोकं तुळतुळीत, मागे शेंडी, दाढीमिशी साफ केलेली. वाळला होता, पण पाठ अशी सरळ की ओळंबा लावून बघावा. गोदांबरीच्या शेजारची टिहरीकडची बाई तिच्या कानात कुजबुजत होती. म्हणे मागे एकदा ते असेच बसलेले असताना माकड आलं आणि मांडीवरचं केळं घेऊन, समोर बसून सोलून खाऊन गेलं. यांना पत्ता नाही. म्हणे एकदा भूकंपाचा धक्का बसला तेव्हा सगळे बाहेर पळाले आणि हे जसेच्या तसे.

गोदांबरीचा जीव आधी भरूनच आला. असं बसणं तिने कुणाचं पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, बरोबर आहे, इतकं मोठं काही होतं म्हणून हा माणूस गेला, आणि आपण उगाच इतकी वर्षं मनात धुमसत राहिलो. ती त्याच्याकडे बघत राहिली. नदी वाजत होती. थोड्या वेळाने मायारामचा खालचा ओठ डाव्या कोपऱ्यात जरासा सैल पडला आणि खाली ओघळला.

गोदांबरी सावरून बसली. तिने पुन्हा नीट पाहिलं. ओठ ओघळलेलाच होता.

हा ओठ तिला माहीत होता. लग्न झाल्यापासून माहीत होता. गावात सात दिवसांची कथा बसायची तेव्हा मायाराम पहिल्या रांगेत असाच ताठ बसायचा, कथेकरीबुवा त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायचे की श्रोता असावा तर असा, आणि मागे बायकांत बसलेली गोदांबरी लाजेने अर्धमेली व्हायची. कारण तो झोपलेला असायचा. जीपमध्ये झोपायचा तोही असाच. सासूच्या तेराव्याला भटजींसमोर असाच झोपला होता. त्याची मान कधी पडत नसे, तो कधी घोरत नसे, फक्त डावीकडून ओठ ओघळायचा. त्याच्या शेजारी जिने रात्री काढल्या तिच्याखेरीज हे कुणाला कळण्याचं कारणच नव्हतं.

तिला हसू फुटलं. पोटातून आलं, आवरेना. पदराचा बोळा तोंडात कोंबून ती गदगदत राहिली. टिहरीच्या बाईला वाटलं, दर्शनाने रडू कोसळलं, आणि तिने मायेने पाठीवरून हात फिरवला. मग खरंच रडू आलं. याच्यासाठी, गोदांबरीच्या मनात आलं, झोपण्यासाठी गेला हा. झोप तर घरीही होती.

*

दुपारी स्वयंपाकघरामागे, लाकडांच्या ढिगापाशी उन्हात तो तिला भेटला. त्याने संतोषीची चौकशी केली, गायीची केली, नवरामुलगा काय करतो ते विचारलं. मग म्हणाला, ध्यानाला बसलीस असं कळलं, बरं वाटलं. गोदांबरीने रात्रभर विचार करून बोलायचं ठरवलं असतं तर काही निराळं बोलली असती. पण तिला असं ठरवून बोलता येत नसे.

"अहो, तुम्ही झोपता," ती म्हणाली.

त्याला आधी कळलंच नाही. तिने ओठाचं सांगितलं, कथेचं सांगितलं, तेराव्याचं सांगितलं. मायारामचा चेहरा आधी हसरा राहिला आणि मग एकदम बंद झाला. म्हणाला, तू हे का म्हणतेस ते मला समजतं. मला गादी मिळू नये, मी लग्नाला यावं, म्हणून. त्याचा आवाज चढला नाही, आणि तेच तिला झोंबलं.

"हो, यावं असं वाटतं," ती म्हणाली. "मुलीलाही वाटतं. पण तेवढ्यासाठी खोटं बोलायचं असतं तर मी आजारी आहे म्हणून सांगितलं असतं. ओठाचं कशाला काढलं असतं?"

त्याने मग पुरावे द्यायला सुरुवात केली. नव्या साधकाला डुलकी येते म्हणून आश्रमात त्याची शेंडी दोरीने भिंतीच्या खुंटीला बांधायची पद्धत आहे. मान पडली की हिसका बसतो, माणूस जागा होतो. बाकीच्यांच्या शेंड्या मुळापासून दुखायच्या. तो सबंध हिवाळा तसा बांधून बसला आणि त्याला एकदाही हिसका बसला नाही. तेव्हाच तर स्वामीजींचं लक्ष त्याच्याकडे गेलं.

"हिसका मान पडली तर बसेल ना?" गोदांबरी म्हणाली. "तुमची मान कधी पडली?"

त्याने शेंडी चाचपली. मग म्हणाला, बसलो की वेळ कुठे जातो तेच कळत नाही. आता डोळे मिटले आणि आता उघडले असं होतं, आणि उठल्यावर अंग हलकं, मन शांत. गोदांबरीने फक्त त्याच्याकडे पाहिलं. शांत उठायला नुसती गाढ झोप लागते हे रोज पहाटे गोठ्यात जाणाऱ्या बाईला सांगायची गरज नव्हती, आणि बोलता बोलता त्यालाही आपलं वाक्य ऐकू आलं असावं. तो लाकडांच्या ढिगावर बसला. तिच्याकडे न बघता म्हणाला की कधीकधी त्यालाही शंका यायची. इतरांची मनं पळतात, कमलेश्वरी दीदींचं तर जन्मभर पळतंय, मग आपलंच कसं पळत नाही. पण लोक पाया पडायला लागले आणि ती शंका मागे पडत गेली.

गोदांबरीला वाटलं होतं, हे ऐकून आपल्याला बरं वाटेल. वाटलंही, क्षणभर. मग त्याच्या बोडक्या डोक्याकडे बघून तिला त्याची कीव आली आणि स्वतःची लाजही वाटली. इतकी वर्षं कुडकुडत, एकवेळ जेवून, हा माणूस इथे बसला, आणि आपण एका वाक्यात सगळं काढून घेतलं.

"उद्या बसा माझ्यासमोर," ती म्हणाली. "ओठ पडला की मी दाणा मारीन."

"कसला दाणा?"

"राजम्याचा. लग्नातलाच आहे. चार कमी शिजले तर व्याही काही उठून जाणार नाहीत."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या कुटीच्या ओसरीवर दोघं बसली. तो भिंतीकडे पाठ करून, ती समोर हातभर अंतरावर, ओटीत राजमा घेऊन. उन्हाची तिरीप त्याच्या गुडघ्यापर्यंत आली होती. तो म्हणाला, लागेल असा मार. ती म्हणाली, काळजी नको.

पहिला दाणा लवकरच मारावा लागला. कपाळाला बसला. मायाराम असा दचकला की गोदांबरीला पुन्हा हसू आलं. त्याने मात्र डोळे उघडून दाणा पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. आता डोळे मिटले होते आणि आता उघडले, इतकंच त्याला आठवत होतं. पुन्हा बसला. पुन्हा दाणा. नाकाला, हनुवटीला, एक तर सरळ दातावर. दर वेळी तो पाठ सरळ करी, खोल श्वास घेई आणि परत सुरुवात करी. त्याच्या कपाळावर थंडीतही घाम आला. पाय दुखायला लागले असावेत, कारण तो मांडी बदलू लागला. इतकी वर्षं दुखले नव्हते ते आज सगळं मिळून दुखत होते.

गोदांबरीचं काम सोपं होतं आणि नव्हतंही. ओठ पडायच्या आधी त्याच्या कोपऱ्यात एक बारीक थरथर यायची, आणि नजर हलली की ती हुकायची. म्हणून ती तिथेच बघू लागली. एवढासा तो कोपरा, त्यातली एक सुरकुती, जुन्या फोडाचा वण. लग्नाच्या मंडपाचा विचार आला, तिने तो बाजूला सारला, कारण ओठ बघायचा होता. दिरांना काय सांगायचं हा विचार आला, तोही गेला. मग विचार येईनासे झाले. नदी वाजत होती आणि ते तिला ऐकू येत होतं. एक पाखरू ओसरीवर येऊन गेलं तेही दिसलं. पण नजर कोपऱ्यावरच राहिली, आणि तिला ती तिथे धरून ठेवावी लागत नव्हती. हातातला दाणा हातातच होता. ओठ आता पडत नव्हता.

आश्रमाची घंटा झाली तेव्हा ऊन मायारामच्या छातीवर आलं होतं. गोदांबरीने आजूबाजूला पाहिलं. ओसरी तीच, डोंगर तेच, पण सगळं कुणीतरी आत्ताच धुऊन ठेवल्यासारखं दिसत होतं. तिच्या छातीत इतकं मोकळं आणि इतकं गोड काही भरून राहिलं होतं की ती घाबरलीच. संतोषी जन्मली त्या पहाटेनंतर तिला असं झालं नव्हतं. ती झोपलेली नव्हती. एकेक श्वास तिला आठवत होता.

म्हणजे हे खरोखरच असतं, तिला वाटलं, आणि तिला फार राग आला. नसतं तर बरं झालं असतं. घरी जाऊन सगळ्यांना सांगता आलं असतं की तिथे काही नाही, नुसती झोप आहे. आता तसं सांगता येणार नव्हतं.

मायारामने डोळे उघडले. ते लाल झाले होते.

"शेवटी शेवटी मारला नाहीस," तो म्हणाला.

"पडला नाही ओठ."

"फार पळालं मन. तुझ्याकडे, संतोषीकडे, शाळेच्या कचेरीत. दर वेळी जाऊन आणलं." मग पाय चोळत म्हणाला, "दोन श्वास मिळाले असतील, पुरते जागे."

तिने आपल्याला काय झालं ते त्याला सांगितलं नाही. ओसरीवर सांडलेले दाणे तिने वेचले, फुंकर मारून पदराच्या गाठीत बांधले आणि ती डोलीच्या माणसांकडे निघून गेली.

*

संक्रांतीला पहाटेपासून उत्तरकाशीच्या मणिकर्णिका घाटावर डोल्यांची गर्दी झाली. ढोल-दमाऊ वाजत होते, देव न्हात होते. आंघोळी उरकून लोक आश्रमात लोटले. ध्यानमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. पद्धत अशी की आधी सगळ्यांनी स्वामीजींसमोर ध्यानाला बसायचं आणि मग त्यांनी नाव सांगायचं. टिहरीची बाई गोदांबरीसाठी जागा धरून बसली होती. सगळं मायारामच्या हातात होतं. नेहमीसारखं बसला, सुखाने झोपी गेला, तर गादी त्याची होती, आणि त्या ओठाविषयी जगात एकटी ती सोडून कुणाला काही कळणार नव्हतं. ती तोंड उघडणार नव्हती, हे तिचं तिने ठरवलं होतं.

मायाराम बसला. थोडा वेळ गेला आणि त्याने मांडी बदलली.

मंदिरात कुजबूज झाली. पुन्हा थोड्या वेळाने त्याची पाठ वाकली, त्याने ती सरळ केली. मग त्याने नाक खाजवलं. कुणीतरी मागे म्हणालं, अचलजींची तब्येत बरी नाही वाटतं. ढोलाचा आवाज चढला की त्याच्या भुवया हलत, बाहेर पोर रडलं की मान जराशी तिकडे वळे आणि परत येई. दर वेळी परत येई. लोक चुळबुळत त्याच्याकडे बघत होते आणि ते त्याला कळत होतं, त्याचे कान लाल झाले होते. ओठ मात्र घट्ट होता. तो एवढ्या लोकांसमोर जागा बसला होता आणि ते त्याला किती जड जात होतं, हे फक्त गोदांबरीला दिसत होतं. आपला नवरा म्हणून तिला त्याचा अभिमान वाटला, किती तरी वर्षांनी.

घंटा झाल्यावर स्वामीजी काही बोलायच्या आत मायाराम उठला आणि त्यांच्यापुढे जाऊन बसला. हळू बोलला, पण मंदिर चिडीचूप होतं. म्हणाला की स्वामीजी, मी इथे इतकी वर्षं झोपत होतो. काल कळलं. आजपासून बसायला लागलोय. गादी मला देऊ नका.

स्वामी निर्वेदानंद फार म्हातारे होते. त्यांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. लोकांना वाटलं, आता ते म्हणतील की मला ठाऊक होतं.

"मला कळलं नाही रे," ते म्हणाले. "मी तुझंच नाव सांगणार होतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं." आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "माझंही आता कुणीतरी बघायला हवं."

ध्यानमंदिर कमलेश्वरी दीदींकडे गेलं. त्यांना इतका खोकला आला की प्रसाद वाटायचा राहून गेला.

*

परतीच्या जीपमध्ये डोलीबरोबरची माणसं दाटीवाटीने बसली होती. मायाराम खिडकीशी, गोदांबरी त्याच्या शेजारी. लग्न होईपर्यंत तो घरी राहणार होता. कन्यादान करीन म्हणाला, शेंडी आहे अजून. त्यानंतर काय, हे त्याने सांगितलं नाही. गोदांबरीला ते माहीत होतं. तो आश्रमात परत जाणार होता, त्या दोन श्वासांसाठी. कालपर्यंत तिने त्याला खांबाला बांधून ठेवला असता. आता, त्या ओसरीवर बसल्यापासून, जाऊ नका म्हणायला तिच्याकडे तोंड नव्हतं. तिला त्याचं दुःख झालं, आणि ते दुःख खरं होतं, पण राग जिथे अडकला होता ती जागा तिने चाचपून पाहिली तर तिथे काही हाताला लागेना.

"फाल्गुन झाला की जाल ना," तिने विचारलं.

"तू म्हणशील तेव्हा."

"जा. मी येईन मधूनमधून. बघायला कुणी लागेल तुम्हाला." यात तिचा स्वतःचाही थोडा लोभ होता, तो तिने बोलून दाखवला नाही.

धरासूच्या अलीकडे रस्ता खराब आहे. जीप हेलकावे खात होती, माणसं एकमेकांवर आदळत होती. मायाराम ताठ बसला होता. गोदांबरीने बघितलं तेव्हा त्याचा खालचा ओठ डाव्या कोपऱ्यात सैल पडून ओघळला होता. तिने सवयीने पदराची गाठ सोडली, एक दाणा काढला, बोटांत धरला. त्याच्या कपाळावर कालचे दोन लाल ठिपके अजून होते.

तिने दाणा गाठीत परत टाकला आणि जीप वळणावर कलली तशी त्याला आपल्याकडे टेकू दिलं.